हलकं माकूळ

समुद्र सोडून भंडाऱ्याला कोण जातं? रत्नागिरीत मला हा प्रश्न मासळी बाजारात विचारला गेला, बँकेत विचारला गेला, आणि दाताच्या डॉक्टरांनी तर मी तोंड उघडून बसलेली असताना विचारला, म्हणजे उत्तर द्यायची सोयच नाही. मी सगळ्यांना सांगितलं, "भाताची शेतं बघायला." भात आमच्याकडेही पिकतो, तो बघायला कोणी अख्खा महाराष्ट्र ओलांडत नाही, हे त्यांनाही कळत होतं. पण माझ्या तोंडी लागायची हौस सहसा कोणाला नसते, त्यामुळे पुढे कोणी काही बोललं नाही.

खरं कारण विशाखा. ती आमच्या मासळीवरच्या प्रयोगशाळेत माझ्याबरोबर काम करायची. मोहाडीजवळच्या एका खेड्यातल्या बौद्ध शेतकऱ्याची मुलगी. शिकायला कोकणात येईपर्यंत तिने समुद्र पाहिला नव्हता, आणि पाहिल्यावर ती त्यातल्या एकाच प्राण्याच्या मागे लागली, माकुळाच्या, म्हणजे स्क्विडच्या. आम्ही कोकणातले लोक माकुळाच्या रिंगा कापतो, तळतो आणि विसरतो. विशाखाला त्याचं वय काढायचं होतं. ते कधी वयात येतं, किती जगतं, हे शोधायचं होतं.

तिला जन्मापासून सिकलसेल होता. त्यात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि वाटेत अडकून बसतात. तिकडे पुष्कळ घरांत हा आजार आहे. गेल्या दिवाळीला ती घरी गेली, ताप आला, छातीत दुखायला लागलं, आणि नागपूरच्या दवाखान्यात ती वारली. तिशीही गाठली नव्हती. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलेलं होतं.

वर्ष होत आलं तेव्हा तिच्या वडिलांचा, देवाजींचा, फोन आला.

"मॅडम, पोरीचं पुण्यानुमोदन ठेवलं हाय. तुमी याच जी. लोक मले इचारतेत, देवाजी, तुही पोरगी तिकडं एवढी वर्सं का करत होती? मले सांगता येत नाई. मासोळ्यायचं काईतरी, एवढंच म्हणतो मी. तुमी येऊन सांगा." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आन् हिच्यासाठी या. तिची माय म्हणते, माही पोरगी कच्चीच गेली. वरीसभर एकच बोलणं. कच्ची गेली, कच्ची गेली. धड जेवत नाई."

पुण्यानुमोदन म्हणजे बौद्ध घरांत गेलेल्या माणसाच्या आठवणीचा कार्यक्रम. वंदना होते, जेवण देतात, आणि जमलेली माणसं गेलेल्याबद्दल दोन शब्द बोलतात. माझ्यावर ते दोन शब्द आले होते. मी बॅगेत विशाखाचा एक मोठा फोटो घेतला. बोटीच्या डेकवर काढलेला, अंगाहून मोठा रेनकोट, दोन्ही हातांत एक माकूळ, तोंडावर काळी शाई उडालेली आणि ही बया हसतेय.

वरठी

भंडारा रोड नावाचं स्टेशन भंडाऱ्यात नाही, वरठीत आहे. हे मला गाडीतून उतरल्यावर कळलं. मी एका रिक्षावाल्याला त्याचा जाब विचारत होते, जसं काही स्टेशन त्यानेच हलवलं होतं. तेवढ्यात मागून आवाज आला, "मॅडमच ना जी?"

पांढरा सदरा, पांढरे केस, विशाखाचंच कपाळ. मी विचारलं, "ओळखलंत कसं?"

"पोरीनं सांगून ठेवलं होतं. मॅडम उतरल्या का कोनावर तरी खेकसत असन, त्यायले ओळखाले कठीण नाई जात."

मला हसू आलं. मेलेल्या माणसाने केलेली थट्टा अशी समोर आली की काय करावं ते समजत नाही. मी त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसले.

मोहाडीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी भाताची शेतं. तिकडे भात म्हणत नाहीत, धान म्हणतात. भात फक्त ताटात. आमच्या शेतांसारखी ही शेतं डोंगराला लटकलेली नसतात, ऐसपैस पसरलेली असतात, आणि प्रत्येक तुकड्याला बांधी म्हणतात. एक बांधी कापून मोकळी, शेजारची उभी, वाकलेली, अजून थोडी हिरवट. पुन्हा एक मोकळी, पुन्हा एक उभी. मला वाटलं, मजूर मिळत नसतील. आपल्याला कळत नसलं की आपण दुसऱ्याला आळशी ठरवतो.

देवाजींचं घर

विशाखाची आई, सुमनताई, दारातच उभ्या होत्या. विशाखाएवढ्याच बुटक्या. त्यांनी माझा हात धरला आणि पाणी दिलं. घर दोन खोल्यांचं, सिमेंटचं, पुढे पडवी. आतल्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या खाली विशाखा. पण शाळेतली. दोन वेण्या, लाल रिबिनी, पोक काढून बसलेली.

"कार्यक्रमाले हाच फोटो लावाचा म्हणते हे," देवाजी हळूच म्हणाले. "लोक म्हणतीन, शाळेतली पोरगी गेली का?"

मी बॅगेतला फोटो काढून सुमनताईंपुढे धरला. त्यांनी एकदा पाहिलं, आणि तो जमिनीवर पालथा घातला.

"मी नाई पाह्यत तो, बाई. त्या पान्यानंच नेली माही."

पाण्याने नेली नव्हती, हे त्यांनाही माहीत होतं. दवाखान्यात त्याच तर होत्या. मी फोटो परत बॅगेत ठेवला.

रात्रीचं जेवण त्यांनी चुलीवर केलं होतं. "बाई, सांबार टाकू का वरून?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, डाळीवर सांबार कशाला? तर सांबार म्हणजे कोथिंबीर. मी मनात म्हटलं, चला, एक चुकीचा शब्द पदरात पडला, आता हुशार झाले. ही माझी हुशारी ते जेवण संपेपर्यंतही टिकली नाही.

डाळ लाखोळीची होती, तिकडे धानामागून पिकणाऱ्या कडधान्याची. मी पहिला घास घेतला आणि हात थांबला. ही चव मला माहीत होती. ही डाळ मी माझ्या स्वतःच्या घरात, माझ्याच पातेल्यातून खाल्ली होती. डोळ्यांना धार लागली तेव्हा मी "तिखट आहे हो," म्हणून वेळ मारून नेली. सुमनताईंनी माझ्याकडे जरा चमकून पाहिलं, कारण डाळ तिखट नव्हती.

देवाजींना मात्र पाहुणीसमोर मन मोकळं करायचं होतं. "मी हिले रोज समजावतो, मॅडम. म्हणतो, सुमन, आपली पोरगी हलकी होती. तिची वेळ झाली, गेली. त्याले कोन का करन?"

माझा घास हातातच राहिला. "काय म्हणालात?"

"हलकी होती म्हणलं."

"भाऊ, तुम्ही बाप आहात ना? मेलेल्या मुलीला हलकी म्हणता? जिभेला काही हाड?"

ते गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. "मंग का म्हणू जी? भारी कशी म्हणू? भारी तं नोतीच ते."

त्यांनी आगीत तेलच ओतलं. माझ्या डोळ्यांपुढे ती मुलगी उभी राहिली, चार माणसांची कामं एकटीने करणारी, आणि इथे तिचा बाप तिला हलकी म्हणत होता. मी ताटावरून उठले. ज्या घरात वर्षभराचं दुःख मांडून ठेवलं होतं, त्या घरात मी ताट अर्धं टाकून हात धुतले. अंथरूण घालताना सुमनताईंनी उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला आणि दिवा बारीक केला.

धुऱ्यावर

सकाळी देवाजी म्हणाले, "चला, वावर दाखवतो." मी रागातच होते, पण उपाशी माणसाचा राग लंगडा असतो. गेले.

धुरा म्हणजे बांध. धुऱ्यावरून ते पुढे, मी मागे. एका ठिकाणी ते थांबले. उजवीकडे बांधी कापलेली, नुसती खुंटं. डावीकडे, जरा खाली, धान उभं. उभ्या धानाच्या कडेला कोणीतरी विळा ठेवला होता. विळ्याकडे मला बघवलं नाही.

"हा हलका," ते उजवीकडे हात करून म्हणाले. "दिवाळीच्या आधीच कापला. आन् तो भारी. त्याले आजून टाइम हाय."

मी विचारलं, "हलका म्हणजे, कमी प्रतीचा?"

"नाई जी! हलका म्हंजे लवकर येते तो. कमी दिवसायचा. वरच्या बांधीत लावतेत, तिथं पाणी टिकत नाई ना. भारी खालच्या बांधीत, तिथं पाणी राह्यते, तो निवांत येते. भात तं दोघायचा बी भातच होते." ते खाली बघत बोलत होते. "पोरगी लहान होती तवाच डॉक्टरनं सांगतलं होतं, हिच्यात पाणी जास्त दिवस टिकाचं नाई. मंग मी मनात म्हणलं, आपली हलकी हाय. म्हणून तिले मी काईच करू देलं नाई असं नाई, उलटं सगळं लवकर करू देलं. शाळा, कॉलेज, तुमचा समुद्र. तुमाले राग काहून आला, ते मले रातभर समजलं नाई."

मी धुऱ्यावरच बसले. आधी मला हसू फुटलं, आणि मग ते हसू कुठे रडण्यात गेलं ते कळलं नाही. मी त्यांची माफी मागितली. आमच्याकडे हलकी म्हणजे काय, तेही सांगितलं. ते ऐकून त्या बिचाऱ्यांनी दोन्ही कानांना हात लावले.

पण माझं रडणं तेवढ्याचं नव्हतं. मला दोन बादल्या आठवल्या.

बोटीवर माकूळ वर आलं की विशाखा त्याचे दोन वाटे करायची. एका बादलीवर खडूने लिहायची 'ह', दुसरीवर 'भा'. मी विचारलं होतं, तर म्हणाली होती, "हलकं आन् भारी, मॅडम." मला वाटलं, वजन. वीतभर माकूळ हलकं, हातभर माकूळ भारी, त्यात विचारण्यासारखं काय? ती लहानखुरी माकुळं म्हणजे पिल्लं, असं बोटीवरचे सगळे समजत होते, त्यात मीही. आणि ती मात्र बसून एकेक उघडून बघायची, आणि त्यांच्या पोटांत पिकलेली अंडी निघायची. पिल्लं कुठली, त्या पुऱ्या वाढलेल्या माद्या होत्या. एकाच जातीत काही माकुळं लहानपणीच पिकतात, अंडी घालतात आणि संपतात. काही सावकाश वाढतात, मोठी होतात, मग पिकतात. दोन्ही खरी. पुस्तकात ते लिहिलेलं होतं, पण विशाखाला ते पुस्तकाने शिकवलं नव्हतं. ती ते याच धुऱ्यावरून घेऊन आली होती, आणि इतकी वर्षं ती माझ्याशी धानाचं बोलत होती आणि मी किलोचं ऐकत होते.

हे मी देवाजींना सांगितलं.

"हे हिले सांगा," ते कापलेल्या बांधीकडे बघत म्हणाले. "मी सांगतलं तं म्हणते, हलका धान बी पिकल्याबिगर कोनी कापत नाई. माही पिकली नोती. त्याले माह्यापाशी जबाब नाई, मॅडम."

पुण्यानुमोदन

दुपारी अंगणात मांडव. सगळे पांढऱ्या कपड्यांत; मी एकटी निळ्या साडीत, कारण मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. सुमनताईंनी स्वतःची एक पांढरी साडी आणून दिली. ती मला घोट्याच्या वर आली. तशीच बसले.

त्रिशरण झालं, पंचशील झालं. सगळ्यांनी एका सुरात म्हटलं. आमच्याकडे दहाव्या-बाराव्याला भटजी एकटा पुटपुटतो आणि बाकीचे घड्याळ बघतात. इथे म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांना पाठ. टेबलावर शाळेतल्या विशाखाचा फोटो, फुलं, मेणबत्ती. सुमनताई बायकांत मागे, भिंतीला टेकून बसलेल्या. मान खाली.

माझं नाव पुकारलं. मी सांगायला लागले. माकूळ म्हणजे काय, त्याला दहा हात असतात, ते शाई सोडतं.

"खातेत का जी त्याले?" पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने विचारलं.

"खातात. मी तर फार खाते."

लोक हसले. मलाही बरं वाटलं. मग मी सांगितलं की त्याच्या डोक्यात, कानाच्या जागी, तिळाहूनही बारीक खडा असतो. त्या खड्यावर रोज एक कडं चढतं. झाडाच्या खोडात वर्षाचं कडं असतं, इथे दिवसाचं. विशाखा तो खडा घासून घासून पातळ करायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे दिवस मोजायची. जरा जास्त घासला की खडा गेला, म्हणजे त्या जिवाचे सगळे दिवस गेले. तिच्या हातून क्वचित जायचा. माकूळ जेमतेम वर्षभर जगतं, हेही सांगितलं. मग मी हलकं आणि भारी सांगितलं, दोन बादल्या सांगितल्या. पुरुषांच्या बाजूने माना हलल्या. त्यांना फोड करून सांगावी लागली नाही.

सुमनताईंनी मान वर केली नाही. माकूळ पिकलं होतं, ठीक आहे. त्यांच्या पोरीचं काय?

माझं लिहून आणलेलं भाषण तिथं संपत होतं. पण मी खाली बसले नाही. त्यांच्याकडे बघून बोलायला लागले.

"ताई, माझे यजमान वारले तेव्हा मी महिनाभर घराबाहेर पडले नाही. माझा मुलगा परदेशात, तो येऊन चार दिवसांनी परत गेला. लोक भेटायला यायचे आणि मी त्यांच्यावर ओरडायचे, मग यायचे बंद झाले. तुमची मुलगी आली. मी तिच्यावरही ओरडले. ती गेली नाही. तिने स्वयंपाकघरात जाऊन गावाहून आणलेली लाखोळीची डाळ शिजवली, ताट माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, 'खाऊन घ्या ना जी बाई, उपाशी राहून का होते?' महिनाभर ती माझ्याकडे राहिली. मला आंघोळीला पाठवायची, माझे केस विंचरायची. माझ्या निम्म्या वयाची मुलगी. काल तुमच्याकडची डाळ तोंडात घेतली आणि मला रडू आलं, ती तिखट नव्हती. ताई, त्या महिन्यात विशाखा माझी आई होती. कच्ची मुलगी कोणाची आई होऊ शकते का?"

मग मागून सुमनताईंचा आवाज आला, घोगरा, बारीक.

"लसन कापून टाके का ठेचून?"

"ठेचून. तुमच्यासारखा."

"आन् फोडनी? आधी का मांगून?"

"मागून. वरून घालायची आणि लगेच झाकण ठेवायची."

"मंग शिकली होती," त्या म्हणाल्या. "मले वाटे, ध्यान नाई देत." आणि पदर तोंडावर घेऊन त्या मोठ्याने रडल्या. शेजारच्या बाईने मला नंतर सांगितलं की वर्षात पहिल्यांदाच.

संध्याकाळी भांडी आवरल्यावर त्यांनी माझ्याकडे हात केला. मी बॅगेतला फोटो दिला. त्यांनी तो मांडीवर ठेवला आणि बराच वेळ बघत बसल्या.

"तोंडाले काळं का लागलं हे?"

"शाई. माकुळाने उडवली."

"पुसाची होती ना," त्या म्हणाल्या, आणि पदराने फोटोवरचं तोंड पुसलं. देवाजींनी शाळेतला फोटो काढायला हात वर नेला, तर म्हणाल्या, "तो राहू द्या भितीवर. हा माह्यापाशी राहीन."

कारधा

परतताना मी भंडाऱ्याहून नागपूरची बस धरणार होते. सुमनताई म्हणाल्या, मी येतो सोडाले. भंडाऱ्याला पोचल्यावर म्हणाल्या, कारध्याले जाऊ. कारधा नदीच्या पलीकडे, पुलावरून. विशाखाची राख तिथे वैनगंगेत सोडली होती, देवाजी आणि भावकीतल्या पुरुषांनी. आई घरी बसली होती. वर्षभर त्या तिकडे फिरकल्या नव्हत्या.

रिक्षा लांब उभी करून आम्ही काठावर गेलो. खाली धरण झाल्यापासून इथे पाणी तुंबून असतं, पात्र काठोकाठ भरलेलं. मी आयुष्य समुद्राजवळ काढलं आहे, मला नद्यांचं फारसं कौतुक नाही. पण हे पाणी मलाही मोठं वाटलं.

"समुद्र असाच राह्यते का?"

"मोठा असतो. पलीकडचा काठ दिसत नाही."

"हे पाणी तुमच्या गावच्या समुद्राले जाते?"

खोटं बोलायचा मोह झाला. पण त्यांच्या मुलीने मला एका खड्यावरचं एक कडंसुद्धा अंदाजाने लिहू दिलं नव्हतं. "नाही ताई. हे पूर्वेला जातं. दुसऱ्या समुद्राला."

त्यांचा चेहरा उतरला. मग म्हणाल्या, "तिथं हाये का ते, तुमचं माकूळ?"

"आहे. तेच आहे, त्याच जातीचं."

"मंग होईन," त्या म्हणाल्या. खाली वाकून त्यांनी पाण्यात हात बुडवला आणि तसाच ठेवला. माझे गुडघे तेवढे वाकत नाहीत. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिले.

बऱ्याच वेळाने त्या माझा हात धरून उठल्या. ओला हात पदराला पुसला, पिशवीतून लाखोळीच्या डाळीची पुडी काढून माझ्या हातात कोंबली.

"हलकीच होती माही. पिकली होती," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघितलं, माझ्या पांढऱ्या केसांकडे, स्वतःच्या हातांकडे. "आन् आपुन दोघी भारी धान, बाई. उभ्याच हावो आजून."

रिक्षात बसेपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही. बस सुटताना खिडकीखालून ओरडून सांगितलं, "लसन ठेचूनच टाका!"